लॅपटॉप प्रवासाला निघतो तेव्हा



मागे बचत गटाच्या कर्जाचं काम घेऊन मी बीबीहून बुलढाण्याला निघाले होते. सगळा हिशोब लॅपटॉपमध्ये. रात्री लाइट गेलेली, म्हणून चार्जिंग अर्धवट. जीपमध्ये मोबाइलचा चार्जर होता. त्याची टाइप-सी पिन बसली, पण चिखली येईस्तोवर लॅपटॉप बंद! बँकेने पुढची तारीख दिली. इकडे दहा जणींची पेरणी त्या कर्जासाठी थांबलेली.

तेव्हा कळलं, पिन बसली म्हणजे वीज पुरली असं नाही.

आपल्या चार्जरवर बारीक अक्षरात ‘आउटपुट’ लिहिलेलं असतं. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असेल तर गुणाकार करा: ६५ वॉट. मोबाइलचे साधे कार चार्जर दहा-बारा वॉटचेच असतात. टाइप-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप असेल, तर तितक्याच वॉटचा ‘पीडी’ लिहिलेला कार चार्जर घ्या. नाहीतर छोटा इन्व्हर्टर घेऊन त्याला घरचाच चार्जर लावा. पण गाडीच्या सॉकेटचा फ्यूज बघा. १२ व्होल्टला १० अँपिअर म्हणजे १२० वॉट. त्याहून जास्त ओढलं की फ्यूज उडतो. म्हणून त्यावर इस्त्री किंवा पाणी तापवायची किटली लावू नका.

आणि हे सगळं गाडी चालू असतानाच. इंजिन बंद ठेवून तासन्‌तास चार्जिंग केलं, तर गाडीची बॅटरी उतरते आणि मग धक्का मारायची वेळ येते.

आता गटाच्या बाया प्रदर्शनाला दूरवर जातात. एखादीची लेक नोकरीसाठी विमानाने जाते. तिला सांगा, पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेव, सामानात देऊ नको. १०० वॉट-अवरपर्यंतची चालते. २०,००० एमएएचला ३.७ने गुणून हजाराने भागलं की ७४ येतात, म्हणजे चालेल. ३०,०००चे १११ होतात, त्याला विमान कंपनीची परवानगी लागते. विमानात बसल्यावर मात्र पॉवर बँकेने चार्जिंग करू नये. प्रत्येक सीटजवळ सॉकेट असेलच, हेही धरून चालू नये.

म्हणून आदल्या दिवशी लाइट असेल तेव्हाच लॅपटॉप पूर्ण चार्ज करा. पडद्याचा उजेड कमी ठेवा. आणि महत्त्वाच्या कागदांची एक छापील प्रत पिशवीत टाका. पुढच्या तारखेला मी तशीच गेले, आणि कर्ज मंजूर करूनच परतले.