नवे यंत्र, जुनी आज्ञावली



नोव्हेंबर 2020 मध्ये ॲपलने एम-1 चिपचे संगणक आणले. संख्याशास्त्राची 'आर' ही आज्ञावली त्या चिपसाठी तयार नव्हती. तिचे कित्येक भाग फोर्ट्रानमध्ये. त्या भाषेचा कम्पायलर तिथे अजून पक्का नव्हता. तोवर 'रोझेटा 2' या दुभाष्यावर काम भागले. 'आर'चा मूळ मजकूर सर्वांना खुला, म्हणून जाणकारांना तो दुरुस्त करता आला. मे 2021 मध्ये 4.1.0 ही आवृत्ती एम-1 वर थेट चालू लागली.

मुलांनो, 'चालत नाही' एवढ्यावर थांबू नका. कोणता भाग अडला ते शोधा. पालकांनो, महागडे यंत्र घेण्याआधी मुलांच्या अभ्यासाची आज्ञावली त्यावर चालेल का, हे अवश्य विचारा.