दुधाच्या कॅनमधले कागद



सकाळी शाळेत येताना गवळ्याच्या मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी अडकवलेले दुधाचे कॅन तुम्ही रोज बघता. 1 डिसेंबर 1950 ला पोलंडमधल्या वॉर्सा शहरात पडक्या घरांचे ढिगारे उपसताना असेच दोन कॅन सापडले. आत दूध नव्हतं, कागद होते, खच्चून भरलेले. आणि सापडले कुठे? एका शाळेच्या तळघरात.

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी वॉर्सातल्या चार लाखांवर ज्यूंना भिंत घालून एका वस्तीत कोंडलं. त्या वस्तीत इमॅन्युएल रिंगेलब्लुम हे इतिहासाचे अभ्यासक होते. त्यांनी शिक्षक, लेखक असे साठेक जण गुपचूप जमवले. आपल्यावर काय गुजरतंय ते आपणच लिहून ठेवायचं, एवढंच काम. भेटायचे शनिवारी. म्हणून नाव पडलं 'ओनेग शाब्बात', म्हणजे शब्बाथचा, ज्यूंच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचा, आनंद.

शनिवार म्हटलं की मला आपलं कोकण आठवतं. अलिबागकडचे बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे. गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचं. त्यांचा शनिवार इथे सुखाने पाळला गेला. तिकडे त्याच शनिवारी माणसं जीव मुठीत धरून लिहीत होती.

या गटातले अब्राहम लेविन मुलींच्या शाळेत शिकवायचे. 12 ऑगस्ट 1942 ला त्यांच्या पत्नीला पकडून नेलं. त्यानंतरही त्यांची डायरी चालू राहिली, थेट 16 जानेवारी 1943 पर्यंत. त्या हाताला पेन कसं धरवलं असेल, हे मला अजून उमगत नाही.

नुसत्या डायऱ्याच नाहीत, मुलांनो. ट्रामची तिकिटं, गोळ्या-चॉकलेटचे कागद, रेशनकार्डं, शाळकरी मुलांचे निबंध, कार्यक्रमांची निमंत्रणं, सगळं जपलं त्या गटाने. ऑगस्ट 1942 मध्ये पत्र्याचे दहा डबे पुरले, ते एका शिक्षकाने आणि दोन पोरांनी. डेव्हिड ग्रेबर 19 वर्षांचा, नाहुम ग्झिवाच 18 वर्षांचा. तुमच्या दादांच्या वयाचे! ते डबे 1946 मध्ये निघाले, पण आत पाणी शिरलं होतं. कॅन नंतर पुरले, ते जास्त टिकले. तिसरा साठा अजून सापडलेला नाही. त्या साठेक जणांपैकी युद्धातून वाचले तिघे.

माझी आजी निजामाच्या राज्यातल्या रझाकारांच्या दहशतीच्या काळात एका रात्री लेकरं काखोटीला मारून गावातून निघाली होती. वाटेत कोणी भाकरी दिली, कुठल्या विहिरीवर थांबले, सगळं ती सांगायची. तिला लिहिता येत नव्हतं. आम्हाला येत होतं, तरी आम्ही लिहून घेतलं नाही. आता त्या विहिरीचं नावही घरात कुणाला आठवत नाही. ही रुखरुख मला कायमची आहे. तुमच्या घरात अशी आजी असेल तर आज रात्रीच वही घेऊन तिच्यापाशी बसा.

मघाशी दारात मिळालेली ही कार्यक्रमपत्रिका मी घडी न घालता ठेवली आहे. वर तारीख आहे, पण आजच्या नाटकात काम करणाऱ्या मुलांची नावं जागेअभावी छापलेली नाहीत. मागची बाजू कोरी आहे. नाटक संपलं की सगळे माझ्याकडे या, आपापल्या हाताने नावं लिहा. पडदा ओढणाऱ्यानेसुद्धा.