कणकेवरची पावले



अमेरिकेत पुष्कळशी कुटुंबे आपल्या मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवतात. तिथल्या पन्नासही राज्यांत कायद्याने तशी मुभा आहे, आणि अशा कुटुंबांत श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबांचा भरणा मोठा आहे. भाषा आणि गणित आईबाप कसेबसे निभावून नेतात; विज्ञानाशी गाठ पडली की अडखळतात. त्यातून मुलाने डायनोसॉरचा विषय काढला, की दोन अडचणी एकदम उभ्या राहतात. जो प्राणी कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीसा झाला, तो मुलाला हाताने काम करून शिकवायचा कसा, ही पहिली. दुसरी अधिक नाजूक आहे. सकाळी पवित्र शास्त्रातील सहा दिवसांच्या सृष्टीची कथा ऐकलेले मूल संध्याकाळी विचारते, "मग डायनोसॉर कुठल्या दिवशी झाले?"

आपल्याकडे वसईपासून नागपूरपर्यंत ख्रिस्ती वस्ती आहे. आणि प्रश्न काही त्यांच्यापुरताच नाही. चार युगांच्या कथा ऐकत वाढलेले मूलही गुरुजींना हेच विचारते. तेव्हा आज मी आपणांस एका ख्रिस्ती घराची हकीकत सांगणार आहे. त्या घराने ह्या दोन्ही अडचणींना तोंड दिले, तेही सुमारे दोनशे वर्षांपूर्वी.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे विल्यम बकलंड नावाचे धर्मोपदेशक होते. विद्यापीठात ते भूगर्भशास्त्र शिकवत. १८२४ साली त्यांनी एका प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्याच्या हाडांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला मेगॅलोसॉरस असे नाव दिले. शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर. 'डायनोसॉर' हा शब्द मात्र नंतरचा. तो १८४२ साली रिचर्ड ओवेन यांनी घडवला. बकलंडांच्या पत्नी मेरी उत्तम चित्रे काढत, मोडकी हाडे जोडत. घरभर दगड आणि हाडे पसरलेली असत.

ह्याच सुमारास स्कॉटलंडमधील हेन्री डंकन नावाच्या पाळकांनी बकलंडांकडे एका खाणीतील दगडावर उमटलेल्या पावलांचे ठसे पाठवले. कोणाची ही पावले? बकलंडांना वाटले, कासवाची असावीत. पण वाटून काय उपयोग? असे सांगतात की, एका रात्री त्यांनी पत्नीला उठवले, दोघे स्वयंपाकघरात गेले, मेरीबाईंनी पीठ भिजवून मळले, बकलंडांनी बागेतले कासव आणले आणि त्या कणकेवरून चालवले. मग उमटलेली पावले आणि दगडावरची पावले त्यांनी ताडून पाहिली. ओली वाळू आणि मऊ माती ह्यांवरही त्यांनी हाच प्रयोग केला.

गंमत अशी, की बकलंडांचे उत्तर पुढे टिकले नाही. ती पावले कासवाची नव्हती, आणि डायनोसॉरचीही नव्हती. डायनोसॉरच्या आधी होऊन गेलेल्या प्राण्यांची होती. पण त्यांची रीत बरोबर होती. जे आज डोळ्यांनी पाहता येते, त्याच्याशी ताडून जे पाहता येत नाही त्याचा अंदाज करायचा, आणि तो अंदाज चुकीचा ठरण्याची तयारी ठेवायची. डायनोसॉरविषयी आपणांस जे जे कळले आहे, ते सारे ह्याच रीतीने कळले आहे.

तर मंडळी, ही रीत आपल्या अंगणात कशी आणायची ते पाहू.

कासवाची जरुरी नाही, कोंबडी पुरे. कोंबडीचा पाय पाहा. पुढे तीन बोटे, मागे एक लहान. मांसाहारी डायनोसॉरच्या पावलांचे ठसे असेच तीन बोटांचे असतात, आणि ते उगीच नव्हे. आजचे पक्षी हे डायनोसॉरचेच वंशज आहेत. तीन पसरट घमेली घ्या. त्यांत चाळलेल्या मातीचा चिखल करा: एकात पातळ, दुसऱ्यात कणकेसारखा घट्ट, तिसऱ्यात सुकत आलेला. तिन्हींवरून एकच कोंबडी चालवा. पातळ चिखलात पाऊल बुडून कडा मिटतील. घट्ट चिखलात बोटे अन् नखे स्वच्छ उमटतील. सुकत आलेल्या चिखलात नखांचे टोकच काय ते दिसेल. आता ज्या मुलाने कोंबडी पाहिली नाही त्याला बोलवा आणि विचारा, "किती प्राणी इथून गेले?" बहुधा ते 'तीन' म्हणेल. ठसा हा पायाइतकाच चिखलावरही अवलंबून असतो, हे त्या मुलास जन्मात विसरणार नाही.

घट्ट चिखलातल्या ठशाभोवती पुठ्ठ्याची कड उभी करा आणि त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओता. एक वाटी पाण्यात साधारण दोन वाट्या प्लास्टर हे प्रमाण ठीक पडते. कालवण्याचे काम काठीने करावे; प्लास्टर आवळताना चांगलेच तापते, म्हणून मुलांना हात घालू देऊ नये. चांगले घट्ट झाले की उचला. खोलगट पावलाची उंचवट्याची प्रत हाती येईल. चिखलात पडलेल्या पावलावर गाळ साचून त्याचा दगड होतो तेव्हा अशीच नैसर्गिक प्रत तयार होते.

आणखी एक. १९७६ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने डायनोसॉरसाठी ढोबळ नियम सुचवला, की पावलाच्या लांबीची चौपट केली म्हणजे खुब्यापर्यंतची उंची येते. नदीकाठच्या ओल्या वाळूत मुलांना चालवा, पळवा, पावले मोजा, पाय मोजा. माणसाच्या बाबतीत उत्तर चौपटीहून जरा कमी भरेल. नियम कुठे लागतो आणि किती ढोबळ असतो, हे मुलांना स्वतःच्या पायावरून कळेल. चालताना आणि पळताना दोन पावलांतले अंतर किती बदलते, तेही पाहून घ्या. डायनोसॉर संथ चालला की धावला, ते ह्यावरूनच ताडतात.

आता जरा नाक मुरडायला लावणारा प्रयोग. प्राण्यांच्या विष्ठेचेही दगड होतात. त्यांना शास्त्रीय नाव देणारे बकलंडच, १८२९ साली. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यात, पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथे असे विष्ठेचे दगड विपुल सापडले आहेत. २००५ साली त्यांतल्या काहींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांत गवताचे बारीक वाळूसारखे कण मिळाले. भाताचे किंवा उसाचे पान हाताला कापते ना, ते अशाच कणांमुळे. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतेच, असे तोवर बहुतेक समजत. त्या समजाला पिसदुऱ्याच्या दगडांनी धक्का दिला. मुलांना काय करता येईल? वाळलेले शेण पाण्यात भिजवून चाळणीतून धुवावे. काड्या, तुसे, बिया निघतील. गाय कुठे चरली, काय खाल्ले, ह्याचा अंदाज मुलांनी बांधावा आणि गुराख्याला विचारून पडताळावा. हात मात्र साबणाने धुवायचे, बरं का.

ह्यानंतर दोरीचा प्रयोग. आणि इथेच ती दुसरी अडचण पुढे येते. एक सेंटीमीटर म्हणजे दहा लाख वर्षे, असे प्रमाण धरा. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. दोरी साडेपंचेचाळीस मीटरच्या आसपास लागेल. शाळेच्या मैदानात ती अंथरा. आजच्या टोकापासून मागे सुमारे २ मीटर ३० सेंटीमीटरवर पहिले डायनोसॉर. ६६ सेंटीमीटरवर त्यांचा शेवट. पक्षी तेवढे उरले. आपल्या दख्खनचा काळा दगड ज्या लाव्ह्याचा बनला, तो लाव्हाही ह्याच सुमारास ओतला गेला. आणि माणूस? सुमारे तीन लाख वर्षे, म्हणजे तीन मिलिमीटर. लिहिण्याची कला तर केसाच्या जाडीएवढी. हे आकडे मनचे नव्हेत, हेही सांगावे. खडकांतील काही मूलद्रव्ये ठराविक गतीने पालटत असतात. किती पालटली ते मोजून वय काढतात.

मूल दोरीकडे पाहील आणि म्हणेल, "सहा दिवस कुठे आहेत?" घराची परीक्षा इथे होते. काही घरांत मुलाला गप्प करतात. काही घरांत अशी पुस्तके देतात, की ज्यांत माणूस आणि डायनोसॉर एकत्र नांदताना दाखवलेले असतात. मी स्पष्टच सांगतो, डायनोसॉरच्या हाडांच्या थरांत माणसाचे हाड आजवर मिळालेले नाही. दोरीवर त्या दोघांत पासष्ट सेंटीमीटरचे अंतर आहे. मुलाला ह्याहून वेगळे सांगणे म्हणजे त्याला खोटे शिकवणे होय. आणि मोठेपणी त्याला ते कळले, की त्याचा विश्वास पुस्तकावरून उडेल तसाच आईबापांवरूनही उडेल.

ह्या बाबतीतही बकलंडांचे चरित्र पाहण्यासारखे आहे. १८२१ साली यॉर्कशायरमध्ये एका गुहेत तरसांची आणि इतर प्राण्यांची हाडे मिळाली. ती जलप्रलयात वाहत आली असतील, असे कोणीही म्हटले असते. बकलंडांनी जिवंत तरसाला बैलाचे हाड चघळायला दिले, दातांच्या खुणा ताडल्या आणि दाखवून दिले, की ती गुहा तरसांचीच होती. हाडे त्यांनीच आणली होती. गुहेतला चिखल मात्र नोहाच्या प्रलयाचा, असे त्यांनी १८२३ च्या ग्रंथात लिहिले. पुढे पुरावा त्याच्या विरुद्ध जाऊ लागला, तेव्हा १८३६ च्या ग्रंथात त्यांनी ते मत छापून सोडून दिले, आणि आरंभीच्या वचनानंतर अमर्याद काळ गेला असावा असा अर्थ लावला. ज्यांनी ते मत उचलून धरले होते, त्यांचा रोष पत्करावा लागला. पण धर्मोपदेशकाचे काम त्यांनी सोडले नाही. १८४५ साली ते वेस्टमिन्स्टर ॲबेचे मुख्य धर्माधिकारी झाले. त्याच साली आपल्या नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप हेही मुलांना शिकवता शिकवता रॉबर्ट हंटर ह्या सहकाऱ्यासह टाकळीच्या परिसरात जीवाश्म गोळा करीत.

तेव्हा ख्रिस्ती आईबापांना माझे एवढेच सांगणे आहे. सृष्टी कोणी निर्माण केली आणि माणसाने कसे वागावे, हे आपल्या श्रद्धेप्रमाणे मुलाला जरूर सांगा. सृष्टी केव्हा आणि कशी घडली, हे दगडाला विचारू द्या. संत ऑगस्टिन ह्यांनी पाचव्या शतकाच्या आरंभीच बजावले होते, की निसर्गाविषयी माहीत नसताना शास्त्राचा हवाला देऊन बोलू नये. त्याने शास्त्राचेच हसे होते. एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, आपण शोधू" असे म्हणायला लाजू नये.

शिक्षकांना शेवटी एक विनंती. पिसदुऱ्यासारख्या जागी मुलांना न्या, पण दगड फोडून घरी आणू देऊ नका. जीवाश्म जिथे सापडतो ती जागा आणि तो थर हीच त्याची अर्धी माहिती. उचलला की ती गेली. जागा लिहा, शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. त्यांचे मध्य क्षेत्राचे कार्यालय नागपुरातच आहे. आणि पाऊस उघडला, की कोंबडी, चिखल आणि दोरी ह्यांना सुरुवात करा. खर्च फार येणार नाही.