तळं घासायचं नसतं

मी बडोद्याहून बोलतेय. आमच्या घराच्या मागच्या अंगणात सिमेंटचं एक छोटं तळं आहे. अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद, मधोमध अर्धा मीटर खोल. लंबगोल आहे, म्हणजे साधारण २००० लिटर पाणी. त्यात मासे नाहीत. बडोद्यात तळं म्हटलं की लोक आधी विचारतात, मगर नाही ना? विश्वामित्रीला पूर आला की इथं मगरी गल्लीत फिरतात, त्यामुळे प्रश्न अगदीच वेडा नाही. पण मगर नाही, मासे नाहीत. मग आहे काय, आणि ते स्वच्छ कसं ठेवायचं, हा आजचा विषय. खरं सांगायचं तर बोलायचंय ते माझ्या एका चुकीबद्दल.

सहा वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा डेंग्यूनं आजारी पडला. पाच दिवस दवाखान्यात होता. प्लेटलेट्स उतरत होत्या, घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो बरा होऊन घरी आला त्या संध्याकाळी त्याची आई आमच्या फाटकाशी आली. एरवी ती सरळ स्वयंपाकघरात येते. त्या दिवशी आत आली नाही. तिथूनच म्हणाली, "काकी, ते तळं बुजवून टाका."

मला राग आला. कारण माझ्या तळ्याइतकं स्वच्छ तळं अख्ख्या सोसायटीत शोधून सापडलं नसतं. दर पंधरा दिवसांनी मी ते पूर्ण उपसत होते. भिंती ब्रशनं खसाखसा घासायच्या, बुळबुळीत थर राहू द्यायचा नाही, ब्लीचिंग पावडर मारून धुऊन काढायचं आणि नळाचं ताजं पाणी भरायचं. तळाची फरशी दिसायची. आल्या-गेल्याला मी ती कौतुकानं दाखवत असे.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचा माणूस तपासणीला आला. त्याच्याजवळ एक लांब दांड्याचं पांढरं भांडं होतं. तळ्याच्या कडेचं पाणी त्यानं त्यात घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. वळवळणाऱ्या अळ्या होत्या. फार नव्हत्या, पण होत्या. मग तो व्हरांड्यात गेला आणि पावसाळा लागल्यापासून बंद असलेल्या आमच्या कूलरचं झाकण त्यानं उघडलं. तिथं मात्र नुसता बुजबुजाट. डेंग्यूच्या डासाच्या अळ्या, असं तो म्हणाला. तळ्याजवळ ठेवलेल्या कमळाच्या टबातही त्याच.

शेजारचा मुलगा रोज आमच्या अंगणात खेळायला येत असे. त्याला चावलेला डास आमच्याकडचा होता की शाळेतला, हे कोणी सांगू शकणार नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता चूक काय होती ते सांगते, कारण तिथंच सगळी मेख आहे. उन्हाळ्या-पावसाळ्यात आपल्याकडे डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. मी तळं धुवायची पंधरा दिवसांनी. म्हणजे धुणं झाल्यावर एक अख्खी पिढी उडून जायला पुरेसा वेळ. आणि या अळ्या खाणारे जे जीव असतात, त्यांना वाढायला किती वेळ लागतो? चतुराची, म्हणजे ज्याला लहानपणी आपण दोरा बांधायचो त्या किड्याची, पिल्लं पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्यांवर तुटून पडतात. पावसाळ्यात थव्यानं दिसणारा तो पिवळसर चतुर, इंग्रजीत त्याला ग्लोब स्किमर म्हणतात, तो या बाबतीत सर्वांत घाईचा. त्यालाही महिना-दीड महिना लागतो. बाकीच्यांना कितीतरी जास्त. मी दर पंधरा दिवसांनी त्यांना फरशीवर ओतून ब्रशनं घासत होते. रिकाम्या, नव्या पाण्यात सर्वांत आधी पोचतो तो डास. मी त्याला वर्षभर दर पंधरवड्याला नवं, बिनशत्रूचं घर भरून देत होते.

जाता जाता सांगते, हा ग्लोब स्किमर भारतातून मालदीववरून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातो, असं मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं २००९ मध्ये मांडलं. बोटाएवढा किडा! आणि त्याची पिल्लं वाढतात पावसाच्या डबक्यांत, मासे नसतात अशा पाण्यात.

माशांचंही सांगायला हवं, कारण तपासणीला आलेला माणूस म्हणाला, "बेन, गप्पी सोडा, फुकट देतो." वाईट सल्ला नव्हता. बांधकामावरचा हौद, वापरात नसलेली विहीर, अशा जागी गप्पी उपयोगी पडतात. पण गप्पी दक्षिण अमेरिकेतला. त्याच कामासाठी १९२८ मध्ये आपल्याकडे आणलेला गांबुसिया उत्तर अमेरिकेतला. तो बेडकांची अंडी आणि पिल्लंही खातो. पुराच्या पाण्यातून हे मासे नदी-नाल्यात गेले की परत आणता येत नाहीत. आणि माझा स्वतःचा अनुभव असा की मी आधी एकदा गोल्डफिश ठेवले होते. जूनमध्ये तीन दिवस ढगाळ, उकाड्याचे गेले आणि चौथ्या दिवशी पहाटे सहाच्या सहा मासे उलटे तरंगत होते. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात, पहाटे तो सर्वांत कमी असतो, गरम पाण्यात तर मुळातच कमी. एवढंसं उथळ तळं आणि आमचा उन्हाळा, यांत मासे ठेवणं मला तरी क्रूरपणा वाटतो.

मी शेजारणीकडे गेले. म्हटलं, दिवाळीपर्यंत वेळ दे. दर रविवारी तू स्वतः भांडं घालून बघ. मोठ्या झालेल्या अळ्या दोन रविवार लागोपाठ दिसल्या तर तिसऱ्या रविवारी मी माती मागवते. ती काही बोलली नाही, पण रविवारी आली. बरोबर मुलगा होता, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला.

कूलर त्याच दिवशी रिकामा करून मी आतून घासला. घासायचं ते इथं! डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीवर अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर पुढच्या पाण्यात ती फुटतात. कूलर, फ्रीजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या थाळ्या, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी, हे सगळं आठवड्याला घासायचं. कमळाचा टब मी देऊनच टाकला.

तळं मात्र घासणं बंद. आणि मग जे व्हायचं ते झालं. सप्टेंबर संपता संपता ऊन तापलं आणि पाणी हिरवंगार झालं, वाटाण्याच्या सुपासारखं. वासही यायला लागला. शेजारीण बघायची आणि गप्प बसायची. मोरचूद टाका, तुरटी फिरवा, असे सल्ले आले. मोरचुदानं शेवाळ मरतं हे खरं. गोगलगायी आणि बेडकांची पिल्लंही मरतात. आणि मेलेलं शेवाळ तळाशी कुजून पुढच्या शेवाळाचं खत होतं. मी हात आवरला.

त्या मधल्या काळात अळ्यांसाठी बीटीआय वापरलं. हा एक जिवाणू आहे, १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात सापडलेला. पावडर किंवा द्रव मिळतो. अळीच्या पोटात गेला की एक-दोन दिवसांत अळी मरते. बेडूक, चतुर, माणूस यांना त्याचा त्रास नाही. प्रमाण पाकिटावर असतं तेच घ्यायचं, अंदाजपंचे नाही. एक लक्षात ठेवा, अळीचा कोष झाला की ती खात नाही, मग बीटीआयचा उपयोग शून्य. म्हणून आठवड्याची तपासणी चुकवायची नाही. भांड्यात स्वल्पविरामासारखे वळलेले, टुणटुण उड्या मारणारे जीव दिसले तर ते कोष. ते गाळण्यानं काढून जमिनीवर टाकायचे.

एका मैत्रिणीच्या जुन्या हौदातून मी बादलीभर पाणी आणून ओतलं. त्यात हायड्रिला होती, शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात नरसाळ्याखाली ठेवायचो तीच. चार-दोन गोगलगायी होत्या, आणि टाचणीच्या डोक्याएवढे, झटके देत पोहणारे डॅफ्निया. हे हिरवं पाणी गाळून खातात. मासे असते तर त्यांनी यांनाच खाल्लं असतं. मासे नसलेल्या तळ्याचा खरा सफाई कामगार हा. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुलगा ओरडला, "काकी, फरशी दिसते!" फरशी नव्हती, गाळाचा तपकिरी थर होता, पण तळ दिसत होता. भांड्यात अळी एकच, आणि तिच्यामागे पाठीवर उताणा पोहणारा एक किडा लागलेला. ते किडे कुठून तरी उडतच येतात.

तळं बुजवा हा विषय दिवाळीत निघाला नाही. आम्हीही काढला नाही.

आता मी वर्षभरात काय करते ते सांगते. आमच्याकडे कडुनिंब आहे, तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो. तेवढे दिवस तळ्यावर जाळी. कुजलेली पानं हेच शेवाळाचं खाद्य, ती पडू न देणं हे काढण्यापेक्षा सोपं. झड संपली की एकदा गाळ काढायचा, तोही निम्माच. या वर्षी डावी बाजू, पुढच्या वर्षी उजवी. संध्याकाळी काढायचा आणि काठावर ओल्या गोणपाटावर रात्रभर ठेवायचा, म्हणजे त्यातले जीव सरपटत पाण्यात परततात. सकाळी तो गाळ गुलाबांना. भिंती घासायच्या नाहीत, त्या बुळबुळीत थरावर अर्धं तळं जगतं. दोऱ्यासारखं लांब शेवाळ वाढलं तर काठीला गुंडाळून ओढायचं, शेवयांसारखं येतं. तेही झटकून, रात्रभर काठावर.

मे महिन्यात रोज जवळजवळ सेंटिमीटरभर पाणी उडतं. भर घालायची ती थोडी थोडी. नळाचं पाणी बादल्यांत एक दिवस उघडं ठेवून, म्हणजे क्लोरीन उडतं. बोअरचं पाणी आमच्याकडे जड, भिंतीवर पांढरी रेघ उमटते, क्षार साठत जातात. म्हणून पन्हाळीचं पावसाचं पाणी मी तळ्यात वळवलंय, पहिल्या एक-दोन सरी सोडून. पाण्यातली लिली दोन कुंड्यांत लावली आहे. चिकणमाती, वर वाळूचा थर, खत नाही. तिची पानं निम्मं पाणी झाकतात एवढंच वाढू देते. जलपर्णी कोणी कितीही प्रेमानं दिली तरी घेऊ नका. कारंजं हवं असेल तर लावा, पण पंपाच्या तोंडाला स्पंज बांधा, नाहीतर पिल्लं ओढली जातात. मी लावलेलं नाही, वीज गेली की त्याचा भरवसा काय?

दोन गोष्टी नव्यानं तळं बांधणाऱ्यांसाठी. नव्या सिमेंटमधून चुना उतरतो, तीन-चार आठवडे पाणी भरून, ओतून, पुन्हा भरून तो जाऊ द्या. आणि एका बाजूला दगडांचा उतार करा. बेडकाची पिल्लं, पडलेली खार, सरडा, सगळे त्यावरून वर येतात. घरात लहान मूल असेल तर पाण्याच्या पातळीला लोखंडी जाळी बसवल्याशिवाय तळं भरू नका. वीतभर पाणीही मुलाला धोक्याचं असतं. बंगळुरू, हैदराबादकडच्यांनी माझे महिने जसेच्या तसे घेऊ नयेत. तुमच्याकडचं झाड कधी पानं टाकतं आणि पाऊस कधी येतो, त्यावरून ठरवा.

आणि अजूनही अळ्या सापडतात. नाही सापडत असं म्हणणारा माणूस भांडं घालत नसणार. मला बघायचं असतं ते एवढंच की बारीक अळ्या दिसतात, मोठ्या दिसत नाहीत. म्हणजे मोठ्या होण्याआधी कोणीतरी त्या खातंय. मोठ्या दिसल्या तर त्याच दिवशी बीटीआय. गेल्या वर्षी दोनदा टाकावं लागलं, दोन्ही वेळा मी बाहेरगावी होते आणि वाळकी पानं साठली होती.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री भेक येतात. आवाज इतका, की पहिल्या वर्षी शेजारणीनं रात्री अकराला फोन केला, "काकी, हे कोण ओरडतंय?" सकाळी हायड्रिलाभोवती काळ्या मण्यांच्या लांबच लांब माळा गुंडाळलेल्या. महिन्याभरात माशीएवढे बेडूक दगडांवरून चढून अंगणात पसरतात. तेवढे दिवस आम्ही चपला आपटत चालतो.

मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे, यंदा दहावी. रविवारी क्लास असतो. परवा त्याची आई एकटीच आली, पदर खोचून काठावर बसली, भांडं बुडवलं, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दोन आहेत. बारीक."

मी वहीत लिहिलं, दोन, बारीक. मग आम्ही चहा प्यायला आत गेलो.