मिशनरी शाळा आणि शिक्षणाचा पैसा

मिशनरी शाळांविषयी आपल्याकडे वाद होतो तो धर्मांतराचा. पैशाचा हिशेब क्वचितच मांडला जातो. १८५४च्या वूड खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाचा मार्ग खुला केला. १८६० साली कॅनिंगने युरोपीय व युरेशियन मुलांसाठी थंड हवेच्या ठिकाणी स्वतंत्र शाळांचा आग्रह धरला. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, लोणावळ्यास गोऱ्या रेल्वे-नोकरांची वस्ती झाली. अशा वस्त्यांतील मुलांची चिंता राज्यकर्त्यांस होती. घाटाचा कातळ फोडणाऱ्या मजुरांच्या पोरांची नव्हती.

मिशनऱ्यांची दुसरी बाजूही नाकारता येत नाही. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरची मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून १८४८ साली त्यांनी भिडेवाड्यात शाळा काढली. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनीच हिशेब मांडला : पैसा रयतेच्या घामाचा, लाभ वरच्या वर्गांचा.

२०२३ साली राज्य सरकारने वीसहून कमी पटाच्या शाळांसाठी समूहशाळांची योजना पुढे आणली. वाहनाचे आश्वासन दिले गेले, खरे. पण आंदर मावळातल्या वाडीचा ओढा आषाढात भरला, की गाडी अलीकडच्या काठावरच थांबेल आणि पोर पलीकडच्या.