सादरीकरणाची राखण



पैनगंगेच्या खोऱ्यातील किनवट तालुका हा जंगलाचा आणि गोंड, कोलाम, आंध या आदिवासी बांधवांचा प्रदेश. ग्रामसभेला वन हक्क कायदा, २००६ समजावून देण्यासाठी संगणकावरील सादरीकरण हे प्रभावी साधन ठरते. छापील भित्तिपत्रकावर कोणी खाडाखोड केली तर ती सर्वांना दिसते. सादरीकरणात केलेला फेरफार मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि पडद्यावरील अक्षर लोक सरकारचा शब्द मानतात.

या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ रोजी वनजमीन प्रत्यक्ष कसत असलेल्या अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला ४ हेक्टरच्या मर्यादेत हक्क मागता येतो. तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याची अट आहे ती इतर पारंपरिक वननिवासींसाठी. फाईल हातोहात फिरताना ही अट चुकून आदिवासींच्या पानावर गेली, तर पात्र शेतकरी दावा न करताच घरी परतेल. म्हणून सादरीकरणाला कुलूप हवे.

मात्र सर्व कुलपे सारखी नसतात. पॉवरपॉइंटमधील ‘मार्क अ‍ॅज फायनल’ ही केवळ सूचना आहे. ‘एडिट एनीवे’ हे बटण दाबताच ती दूर होते. थेट पडद्यावर उघडणारी ‘शो’ स्वरूपातील फाईलही मूळ कार्यक्रमातून उघडल्यास बदलता येते. फाईल जतन करताना ‘टूल्स’मधील ‘जनरल ऑप्शन्स’ येथे बदलासाठी पासवर्ड ठेवता येतो. तो नसणाऱ्यास फाईल वाचता येते, बदलता येत नाही. परंतु हे कुलूपही अभेद्य नसते. उघडण्यासाठीच पासवर्ड ठेवला तर कुलूप भक्कम होते. पण पासवर्ड हरवला तर खुद्द मालकही बाहेर राहतो. शिवाय ज्याला तो पासवर्ड दिला, त्याला बदलही करता येतो.

वाटपासाठी पीडीएफ प्रत सोयीची. तिच्यात हलती चित्रे व ध्वनी राहत नाहीत आणि तीही अभेद्य नसते; तथापि सहज हात फिरून होणाऱ्या चुका टळतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने मान्यता दिलेली डिजिटल स्वाक्षरी बदल रोखत नाही. स्वाक्षरीनंतर बदल झाला, हे मात्र ती उघड करते.

तात्पर्य, कुलूप अनवधानाला आवरते. हेतुपुरस्सर फेरफार करणाऱ्याला पुरते रोखत नाही. म्हणून कुलपाला शिस्तीची जोड द्यावी. मूळ फाईल एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी व तिची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. पासवर्ड मोहोरबंद पाकिटात कार्यालयात ठेवावा. बाहेर जाईल ती पीडीएफ. प्रत्येक पानाच्या तळाशी कार्यालयाचे नाव, दिनांक व आवृत्ती क्रमांक असावा. ग्रामसभेपूर्वी दिनांक, क्षेत्र व अटी कायद्याच्या छापील प्रतीशी ताडून पाहाव्यात. सुधारणा सुचली तर ती मूळ फाईल सांभाळणाऱ्याला कळवावी. त्याने नवी आवृत्ती काढावी.

रानाकाठच्या पिकाला कुंपण लागते आणि राखणदारही लागतो. माहितीचेही तसेच आहे. ती शेवटच्या पाड्यापर्यंत शाबूत पोहोचली, तरच कायद्याने दिलेला हक्क माणसाच्या हाती पडेल.