व्यायामोत्तर थकवा आणि अमिनो आम्लांची भुकटी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात ज्ञानेश्वरी किंवा मराठी रंगभूमी असा एखादा विषय सोडून मी स्नायू आणि प्रथिने यांवर बोलण्यास उभा राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. कारण घरचेच आहे. आपल्या व्यायामशाळेत येणाऱ्या तरुण सभासदांनी कार्यकारिणीकडे अर्ज दिला आहे, की महोत्सवी निधीतून अमिनो आम्लांच्या भुकटीचे डबे घ्यावेत. व्यायामानंतर ती पाण्यात ढवळून घेतली म्हणजे अंग दुखत नाही आणि स्नायू लवकर सावरतात, असे त्यांचे म्हणणे आहे. अर्ज सविनय आहे, आणि मुलांची तळमळ खरी आहे. हाच डबा सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या अनेक घरांतही पोहोचला असून पहिल्या पगारातला मोठा वाटा त्यावर जातो, हेही आईबापांकडून ऐकतो. मी कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्र माझा प्रांत नव्हे. परंतु खर्चाला मंजुरी देण्यापूर्वी मागणीमागची गरज तपासावी, ही सवय केंद्र सरकारच्या फायलींनी मला लावली आहे. त्याच सवयीने हा विषय वाचला.

प्रथम अंग का दुखते ते पाहू. दुग्धाम्ल स्नायूंत साचते म्हणून दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात, अशी समजूत अजून प्रचलित आहे. ती खरी नाही. ते आम्ल व्यायाम थांबल्यावर सुमारे तासाभरात ओसरते; दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. थिओडोर हफ या अमेरिकन संशोधकाने १९०२ सालीच असे सुचवले होते, की हे दुखणे स्नायूंच्या आत झालेल्या बारीक इजांचे असावे. पुढील संशोधनाने त्याला पुष्टी मिळाली. स्नायू ताण सोसत सोसत लांबतो तेव्हा ही इजा विशेष होते. बैठक मारताना खाली जाण्याची क्रिया अशी असते, आणि डोंगर उतरणेही असेच असते. महाशिवरात्रीला विदर्भातून पचमढीच्या चौरागडावर त्रिशूळ घेऊन येणाऱ्या भाविकांना विचारा. चढताना छाती भरून येते, पण घरी परतल्यावर मांड्या धरतात त्या उतरणीच्या पायऱ्यांनी. आणि तीच उतरण महिन्याभरात पुन्हा उतरली, तर दुखणे पुष्कळ कमी होते. स्नायू सरावतो. या सरावाइतका परिणामकारक उपाय अद्याप कोणत्याही डब्यात भरता आलेला नाही.

इजा भरून काढण्यास प्रथिने लागतात, आणि प्रथिने ही वीस अमिनो आम्लांच्या साखळ्या असतात. त्यांपैकी नऊ शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच यावी लागतात. बाजारात सर्वाधिक खपणाऱ्या अमिनो भुकटीत, म्हणजे मुले जिला बी.सी.ए.ए. म्हणतात तिच्यात, या नवांपैकी तीनच असतात: ल्यूसीन, आयसोल्यूसीन आणि व्हॅलीन. या तिघांचे वैशिष्ट्य असे, की त्यांचे विघटन यकृतापेक्षा स्नायूंत अधिक होते. शिवाय स्नायूंमध्ये नवी प्रथिने रचण्याचे काम सुरू करण्याचा इशारा ल्यूसीन देते. जाहिरात इथपर्यंत खरे बोलते. पुढची गोष्ट ती सांगत नाही. मुकादमाने शिट्टी वाजवली, गवंडी जमले, पण आवारात नऊ जिनसांपैकी तीनच येऊन पडल्या असतील, तर भिंत किती चढेल? उरलेल्या सहांसाठी शरीर आपल्याच दुसऱ्या भिंतीच्या विटा काढते. रॉबर्ट वुल्फ या शास्त्रज्ञाने २०१७ साली उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेऊन हाच निष्कर्ष मांडला, की केवळ ही तीन आम्ले घेऊन स्नायूंची बांधणी वाढते या दाव्याला मानवी प्रयोगांचा आधार नाही. दुखणे काहीसे कमी होते, असे काही छोट्या प्रयोगांत आढळले आहे. गेलेली ताकद लवकर परत येते, असे मात्र खात्रीने दिसलेले नाही. आणि ही तीनही आम्ले दुधात, डाळीत, अंड्यात असतातच. दुधातील वीस ग्रॅम प्रथिनांत सुमारे दोन ग्रॅम ल्यूसीन असते, तेही उरलेल्या आठ सोबत्यांसह.

अमिनो आम्ल वरून घालण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. १९६० च्या दशकात जगभर प्रथिनांच्या तुटवड्याची मोठी हाकाटी होती. त्या काळात सरकारी मॉडर्न बेकरीजच्या पावात लायसिन हे अमिनो आम्ल मिसळले जाई, कारण गव्हात ते कमी असते. या हाकाटीला आकडे मांडून उत्तर देणाऱ्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता, याचा येथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९५१ ते १९७० या काळात रोम येथे अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांनी दाखवून दिले, की भारतीय माणसाच्या आहारात प्रथिने कमी पडतात ती बहुतांशी एकूण अन्नच कमी पडते म्हणून. पोट भरले नाही, तर शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळते. त्याला वरून प्रथिने देणे म्हणजे चुलीत सागवान घालणे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. गोपालन हेही याच मताचे होते. सुखात्म्यांची पुढची काही मते वादग्रस्त ठरली, पण हा मुद्दा टिकला. आपल्या व्यायामशाळेलाही तो लागू पडतो. सकाळी एका कपभर चहावर घराबाहेर पडणारा, दुपारी डब्यातल्या दोन पोळ्या खाणारा मुलगा संध्याकाळी सातशे रुपयांची भुकटी पितो, तेव्हा तो चुलीत सागवानच घालत असतो.

थकवा आणि विश्रांती यांचा हिशेबही निराळा आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेतली एक हकिगत सांगितली जाते. जपानच्या इशीशी दीर्घ व दमछाक करणारी झुंज दिल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लापुढे उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी असा नियम होता, पण तो बजावण्यास भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. तो अर्धा तास रसायनशास्त्राच्या दृष्टीने फुकाचा नव्हता: स्नायूंतील तात्कालिक ऊर्जेचा साठा काही मिनिटांत भरून येतो, आम्ल ओसरण्यास त्याहून अधिक वेळ लागतो, आणि पिष्टमय साठा पुरता भरण्यास भात-भाकरीसह जवळजवळ एक दिवस जातो. ज्याची उणीव होती तो वेळ होता. तालमीत मेहनतीनंतर मालिश, खुराक आणि झोप यांचा क्रम ठरलेला असे, तो उगाच नव्हे. आमच्या मुलांचा क्रम असा: रात्री एकपर्यंत फोन, पहाटे पाचला व्यायामशाळा, आणि मधली उणीव भरण्यास डबा.

येथे कोणी म्हणेल, वडीलधाऱ्यांचे नेहमीचेच कीर्तन, घरचे जेवण श्रेष्ठ. तसे मी म्हणत नाही. आपले घरचे जेवण पुष्कळदा उणेच असते. सकाळी पोहे, दुपारी पातळ वरण-भात आणि बटाट्याची भाजी, उपासाला साबुदाणा! साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. त्या खिचडीची अब्रू राखतात ते शेंगदाणे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढासाठी वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली. म्हणजे साठ किलोच्या मुलास सुमारे पन्नास ग्रॅम. जोरदार व्यायाम करणाऱ्यास क्रीडापोषणाचे तज्ज्ञ किलोमागे १.४ ते २ ग्रॅम सांगतात, म्हणजे निदान चौऱ्याऐंशी. हा आकडा मोठा दिसतो, पण अर्धा लिटर दुधात सोळा, शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत बावीस, मूठभर फुटाण्यांत दहा, तीनशे ग्रॅम गहू-ज्वारीच्या पिठात तीस आणि मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅम मिळतात. बेरीज पंच्याऐंशी. धान्यात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. दोन्ही एका ताटात आली की एकमेकांची उणीव भागते. ज्यांच्या घरी अंडे चालते त्यांना दर अंड्यामागे सहा ग्रॅम अधिक. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांच्याशी मी मंडळाच्या व्यासपीठावरून वाद घालणार नाही.

हा हिशेब तरुणांपुरता नाही. पन्नाशीनंतर तेवढ्याच प्रथिनांना स्नायू पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत, म्हणून समोर बसलेल्या आमच्या पिढीला दर जेवणात डाळ-दूध थोडे जास्तच हवे, आणि सोबत बैठकाही. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज काही वाढवू नये.

धोक्याचे दोन शब्द. १९८९ साली अमेरिकेत ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या गोळ्यांनी दीड हजारांहून अधिक लोकांना स्नायूंच्या तीव्र वेदनांचा आजार जडला आणि तीसहून अधिक दगावले. बहुतेकांनी घेतलेला माल एकाच उत्पादकाचा होता. २०२४ साली भारतीय बाजारातल्या छत्तीस प्रथिन-भुकट्या तपासल्या गेल्या, तेव्हा सुमारे सत्तर टक्के डब्यांवर लिहिलेले प्रथिनांचे प्रमाण चुकीचे निघाले. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेने शरीर कमावण्यासाठी अशी पूरके टाळावीत असे मार्गदर्शन केले. ज्या मुलांना राष्ट्रीय स्पर्धांत उतरायचे आहे त्यांना आणखी एक भय: डब्यात निषिद्ध द्रव्याची भेसळ निघाली, तर ते मला ठाऊक नव्हते ही सबब उत्तेजक-चाचणीत चालत नाही.

म्हणून माझी कार्यकारिणीस सूचना अशी, की अर्ज नामंजूर करू नये, त्यात दुरुस्ती करावी. डब्यांसाठी मागितलेल्या रकमेत व्यायामशाळेत येणाऱ्या प्रत्येकास वर्षभर एक पेला दूध आणि भिजवलेले हरभरे सहज देता येतील. हरभरे भिजवण्याजोगे मोठे पातेले गणेशोत्सवाच्या सामानात आहेच. पहाटे दूध आणण्याची पाळी कोणी घ्यायची, एवढेच तरुण सभासदांनी आपसांत ठरवून पुढल्या रविवारी चिटणीसांना कळवावे.